रवंथ होईपर्यंत

आमच्या माहेरच्या पुरुषांना ओळखायचं असेल तर त्यांचा उजवा हात पाहावा. बोटांच्या सांध्यांवर पांढरट, चकचकीत वण असतात. जनावराच्या घशात हात घालताना दाढा घासतात आणि साल निघते. ती भरते, पुन्हा निघते. बाबांच्या हातावर असे वण आहेत, धाकट्या भावाच्या हातावर आहेत. आजोबांना मी पाहिलं नाही, पण त्यांच्याही हातावर होते असं गाव सांगतं. लहानपणी मला या वणांचा फार तोरा होता. शाळेत कुणाशी वाजलं की मी म्हणायची, माझ्या बापाचा हात गाईच्या पोटापर्यंत जातो. तो पोटापर्यंत जात नव्हता, घशापर्यंत जायचा, पण भांडणात एवढं कोण पाहतं.

आम्ही ढोरांची माणसं. इंझोरीच्या अलीकडे आमचं गाव. शेती आहे, पण आमच्या घरात शेती गुरांच्या कुटारासाठी, चाऱ्यासाठीच, करतात की काय अशी शंका यावी. सोयाबीन आलं तेव्हा लोकांनी गोठे मोडले आणि त्या जागी ट्रॅक्टर उभे केले. बाबांनी गाई सोडल्या नाहीत. गावाबाहेर ई-क्लासची जमीन आहे, म्हणजे सरकारी चराईचं रान. माझ्या पणज्याची गुरं तिथं चरली, आजोबांची चरली, बाबांची चरली आणि आता भावाची चरतात. पणज्याचा कळप संध्याकाळी परत यायचा तेव्हा पहिली गाय गोठ्यात आणि शेवटची रानात असायची, असं बाबा सांगतात. मला ते खरं वाटत नाही. गाई वाढवून सांगायची खोड आमच्या रक्तातच आहे.

आमचं नाव मात्र गाईंच्या संख्येवरून झालं नाही, ते या हातावरून झालं. जनावर काहीही गिळतं. आंब्याची कोय, हिरवं कणीस, प्लास्टिकची पिशवी, एकदा तर कुणाच्या तरी लेकराची चड्डी. ते घशात अडकलं की जनावर मान लांब करून उभं राहतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, पाणी पिता येत नाही, पोट फुगतं. अशा वेळी धनजपासून, रिसोडच्या बाजूपासून माणसं यायची. आजोबा आणि पुढं बाबा जायचे. डाव्या हातानं जीभ धरून बाजूला ओढायची, म्हणजे जनावर चावू लागलं तर त्याचीच जीभ दाढेखाली येते आणि ते थांबतं. उजव्या हाताला जवसाचं तेल लावून बोटं जुळवायची आणि हात आत सारायचा. बाबांचा हात आत असताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे. कोय बाहेर आली की तेव्हाच उघडायचे.

या कामाचे आमच्या घरचे नियम होते. पैसा घ्यायचा नाही. त्या घरी काही खायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा की जनावर रवंथ करेपर्यंत हात धुवायचा नाही. हात आधी धुतला तर जनावराचं दुखणं परत त्याच्या घशात जातं म्हणे. बाबा त्या लाळेनं माखलेला हात मांडीवर उताणा ठेवून अर्धा अर्धा दिवस लोकांच्या गोठ्यात बसलेले मी पाहिले आहेत. गाय खाली बसायची, तिच्या जबड्याची हालचाल सुरू व्हायची, मग घरधनीण पाणी आणून बाबांच्या हातावर घालायची. तो क्षण मला देवळातल्या आरतीसारखा वाटायचा.

आजोबा याच हातापायी गेले, हेही आम्ही अभिमानानं सांगायचो. कुणाच्या तरी बैलाच्या घशात त्यांनी हात घातला. आत काहीच सापडलं नाही आणि बैल मेला. त्यानंतर काही आठवड्यांनी आजोबांच्या अंगात वारं आलं. आवाज बदलला, हंबरल्यासारखे ओरडायला लागले, तोंडाला फेस आला, पाणी घेईनात. घरच्यांनी त्यांना कोठ्यात, गुरांच्या गोठ्यात, ठेवलं. गाव हळद-कुंकू घेऊन दारात जमलं. बैलाचं दुखणं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं, असं सगळे म्हणाले. ते गेल्यावर निंबाखाली त्यांच्या नावाचा दगड बसवला आणि त्याला शेंदूर लागला. पोळ्याला आमचे बैल आधी त्या दगडापुढे नमतात, मग मारुतीपुढे.

माझं सासर त्याच गावात, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. एका गावात दिल्याचा तोटा असा की रुसून जायला जागा नाही, आणि फायदा असा की रोजचं दूध माहेराहून येतं. याच हिवाळ्यात, तूर उभी होती तेव्हाची गोष्ट. मी सकाळी दुधाची बरणी घेऊन गेले तर चांदी गाय अंगणात मान लांब करून उभी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून ती चांदी. तोंडातून लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती. ती हंबरली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो तिचा आवाजच नव्हता. घसा बसलेल्या माणसानं हाका माराव्यात तसा तो होता आणि ती थांबतच नव्हती.

भाऊ म्हणाला, कालपासून खात नाही, पाण्याच्या टाक्यापाशी जाते आणि तोंड वर करून परत येते. बाबा खाटेवर बसले होते, उजवा हात धोतराच्या घोळात. त्यांना शंका म्हणून नव्हती. घशात अडकलंय, ते म्हणाले, हात घाल. भावानं तेल लावलं. मी दोरी धरली. त्यानं जीभ ओढली आणि हात आत सारला. चांदीनं डोकं झटकलं, दाढा घासल्या, आणि हात बाहेर आला तेव्हा सांध्यांवरची साल निघून रक्त लागलं होतं.

"काई नाई लागत, बाबा."

"अजून आत पाह्य."

त्यानं पुन्हा घातला. पुन्हा काही नाही. बाबा म्हणाले, खाली उतरलं असेल, आता करेल रवंथ. मग भाऊ ओट्यावर जाऊन बसला, हात मांडीवर उताणा ठेवून. रक्त आणि लाळ त्याच्या हातावर वाळायला लागली. तो चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप, पण बाबांसमोर त्यानं कधी मान वर केली नाही. मी म्हटलं, डॉक्टरला बोलवा. बाबा म्हणाले, डॉक्टर काय सुई टोचून कोय काढणार आहे? मग मीच फोन लावला. लम्पीच्या साथीच्या वेळी ढोरांच्या डॉक्टरचा नंबर मी घेऊन ठेवला होता. बाबांच्या घरात वावरायचं तर आपल्या मर्जीचं काहीतरी लपवून ठेवावं लागतं.

डॉक्टर दुपारी आला. तोपर्यंत भावानं डाव्या हातानं भाकर खाल्ली होती. चांदीनं रवंथ केला नव्हता. डॉक्टर अंगणाच्या फाटकातच थांबला आणि आत आलाच नाही. तिथूनच त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानं विचारलं, हिला कुत्रं वगैरे चावलं होतं का. भाऊ नाही म्हणाला. मग थांबला. म्हणाला, मागं एकदा ई-क्लासमध्ये भर दुपारी एक कोल्हा कळपात घुसला होता. माणसांना भीत नव्हता. चांदीनं शिंगांनी हुसकावला. तिच्या ओठाला ओरखडा आला होता, आम्ही हळद लावली.

डॉक्टरनं मोजे घालता घालता विचारलं, "तोंडात हात कोणी घातला?"

भावानं आपला वाळलेला हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. डॉक्टरचा चेहरा पाहून मला कळलं की काहीतरी फार वाईट झालं आहे, आणि ते होऊन गेलं आहे. त्यानं सांगितलं, ही गाय पिसाळली आहे असं मला वाटतं, घशात काही नाही, तिला गिळताच येत नाही. आत्ताच्या आत्ता साबणानं हात धू, वाहत्या पाण्याखाली, खूप वेळ, आणि तसाच गाडीवर बसून दवाखान्यात जा.

भाऊ नळाकडे निघाला. बाबा खाटेवरून म्हणाले, "रवंथ नाई केला तिनं अजून."

आणि भाऊ थांबला. मला आजही त्याचं थांबणं दिसतं. एक पाय पुढे, एक मागे, मधल्या मध्ये. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला बाप, आणि बापाच्या मागे निंबाखालचा तो शेंदूर लावलेला दगड. मला इतका संताप आला की मी धावत गेले आणि त्याचं मनगट धरून त्याला फरफटत नळाकडे नेलं. डॉक्टर ओरडला, ताई, हात लावू नका. तोपर्यंत मी लावला होता. भांडी घासून घासून माझ्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडतात. मी त्या भेगांकडे पाहिलं आणि नळ सोडला. आम्ही दोघं बहीणभाऊ नळाखाली बसून हात धूत राहिलो. साबणाची वडी अर्धी झाली.

तालुक्याच्या दवाखान्यात आम्हाला दंडात सुई टोचली. पोटात चौदा सुया आता राहिल्या नाहीत, हे मला तिथं कळलं आणि जरा बरं वाटलं. भावाला आणखी एक औषध जखमेच्या भोवती टोचलं, सांध्यासांध्यात. तो ओरडला नाही, मीच ओरडले. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बाहेरगावची. ती म्हणाली, वेळेत आलात, आता सगळे डोस पूर्ण करा, एकही चुकवू नका. अजून कोणी हात घातला का? भाऊ नाही म्हणाला. घरी आल्यावर मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी कायले घालू? हा व्हता न."

चांदी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आम्ही तिला बाकीच्या गुरांपासून लांब बाभळीला बांधलं होतं. मागचे पाय गेले तरी ती उठायला पाहत होती. बाबा उन्हात, तिच्यापासून लांब, जमिनीवर बसून होते. कुणी पाणी दिलं तरी नको म्हणत होते. ती गेल्यावर ते उठले आणि कुणाशी न बोलता नळाकडे गेले. डॉक्टरनं तपासणीसाठी नमुना नेला. जेसीबीनं खड्डा केला, चुना आणि मीठ टाकून तिला पुरलं. त्या खड्ड्याच्या कडेला कुणीही रडलं नाही. आमच्या घरात गाय मेली की बायका रडतात, पण त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांचे हात पाहत होतो.

गावात बातमी फिरायला काय लागतं. चांदीचं दूध ज्यांच्या घरी जायचं ते सगळे एकेक करून दारात आले. कुणी भांडायला आलं नाही, घाबरून आले, आणि घाबरलेली माणसं भांडणाऱ्यांपेक्षा जास्त अंगावर येतात. दूध उकळून पीत असाल तर काळजी नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, तेच भावजय दिवसभर सांगत बसली. एक म्हातारी म्हणाली, पण बाई, मी सायीवर हात फिरवला, त्याचं काय? काही जण दवाखान्यात जाऊन सुया घेऊन आले. बाकीच्यांनी आमचं दूध बंद केलं. बरणी भरलेली परत यायची आणि ती गटारात ओतायची. ओतताना भावजय तोंड फिरवून घ्यायची.

मग सुरू झालं ते पाहणं. भाऊ खोकला की भावजय हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहायची. भावजय पाहते आहे हे मी पाहायची. आणि भाऊ, ज्याला आम्ही दोघी पाहत होतो, तो पाण्याकडे पाहायचा. ग्लास भरायचा, तो धरून थांबायचा, मग एकदम घटाघटा प्यायचा. परीक्षा दिल्यासारखा. सुया सुरू होत्या, वेळेत सुरू झाल्या होत्या, सगळं खरं. पण भीतीला कुठं हिशेब कळतो. माझी बोटं जराशी चुरचुरली की मी मोबाईलवर शोधायची, आणि शोधलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की डोळे मिटले तरी ते दिसायचं.

तिथंच एकदा मी पुढचं वाचलं. माणसाला हा रोग झाला तर काय होतं ते. आवाज बदलतो. गिळता येत नाही म्हणून तोंडातून लाळ गळते. पाणी समोर आणलं की घशात पेटके येतात, माणूस किंचाळतो. वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. मी ओट्यावर बसूनच राहिले. आमच्या आजोबांची गोष्ट कुणीतरी नाव गाळून तिथं लिहून ठेवली होती. तो बैलही काही गिळून मेला नव्हता. आजोबांनी रवंथाची वाट पाहत साल निघालेला हात मांडीवर ठेवला होता, भावानं ठेवला होता तसाच. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या माणसांनी किती जनावरांच्या घशात असा हात घातला असेल आणि किती वेळा ते नुसत्या नशिबानं वाचले असतील.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबांना सांगू नको. मीही ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी होती? एकदा भाऊ सुईला निघाला आणि बाबा म्हणाले, "तुमच्या आजानं सुया घेतल्या अस्त्या तं आज दगडाले शेंदूर लागला नस्ता." ते चिडवायला बोलले की मनापासून, मला माहीत नाही. मी म्हटलं, आजोबा वाऱ्यानं गेले नाहीत बाबा, त्यांना हाच रोग झाला होता, सुया घेतल्या असत्या तर ते घरात असते आणि तो दगड रस्त्यात असता. बोलून झाल्यावर मला वाटलं ते आता काहीतरी फेकून मारतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, पाणी का घेत नव्हते मग? मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ते उठले आणि गुरांमध्ये जाऊन उभे राहिले. बाबांच्या शिव्यांची मला सवय आहे. त्यांच्या गप्प बसण्याची नाही, आणि त्या गप्प बसण्यानं मी जास्त भ्याले.

नमुन्याचा निकाल डॉक्टरनं फोनवर सांगितला. चांदी पिसाळलेलीच होती. भावानं फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं काहीतरी होतं. सुया वाया गेल्या नाहीत, निदान एवढं तरी. बाबांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून ते नीट जेवले नाहीत. भावजय म्हणाली, गाईचं मनाला लावून घेतलं त्यांनी. मलाही तसंच वाटलं. आम्हा सगळ्यांची नजर भावावर होती. बाबांवर कुणाची नव्हती.

भावाची पुढची सुई आली. माझीही त्याच दिवशी होती. आम्ही ऑटोत बसलो तर बाबा आले आणि न विचारता शेजारी बसले. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. मी म्हटलं, तुम्ही कशाला, उगाच धूळ खाणार. ते म्हणाले, चाल. रस्ताभर ते बाहेर तुरीकडे पाहत होते.

दवाखान्यात भावाची सुई झाली, माझी झाली. ती तरुण डॉक्टर कागद आवरत होती. बाबा बाकावरून उठले, तिच्या समोरच्या स्टुलावर जाऊन बसले आणि बाही वर केली.

"मले बी द्या," ते म्हणाले. "मी याच्या आंधी हात घातला व्हता. आदल्या संध्याकाळी. मले काई लागलं नाई, म्हनून याले सांगितलं."

भाऊ भिंतीला टेकला. डॉक्टरनं त्यांचा हात हातात घेऊन उलटा केला. सांध्यांवर नवीन, गुलाबी साल भरून आलेली होती, जुन्या पांढऱ्या वणांच्या मधोमध. इतके दिवस तो हात धोतराच्या घोळात होता आणि आम्ही दुसऱ्याचा हात पाहत बसलो होतो. डॉक्टरनं विचारलं, हात कधी धुतला? बाबा म्हणाले, "तिनं रवंथ कुठं केला? मेली तवा धुतला."

डॉक्टरनं सुई भरली, दंडात दिली, मग ते दुसरं औषध मागवलं. बाबांना तिनं स्पष्ट सांगितलं की उशीर झाला आहे, पण अजून काही त्रास नाही म्हणजे सुरू करण्यात अर्थ आहे, आणि घाबरू नका असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला ती मुलगी त्या क्षणी आवडली आणि तिचा रागही आला. मी बाबांवर ओरडले. का सांगितलं नाही, का लपवलं, आम्ही काय मेलो होतो का, असं जे तोंडाला येईल ते. बाबांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते डॉक्टरकडे पाहत होते.

"एक सांगा बाई," ते म्हणाले. "माहा बाप याच रोगानं गेला म्हंते हे पोरगी. त्याले कोठ्यात कोंडला व्हता. मोठे मानसं आत जायले भेत. मले म्हने, तू लेकरू हायस, तुले काई करनार नाई, पानी देऊन ये. मी गडवा घेऊन गेलो. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् असा वरडला का गडवा हातातून पडला. मंग मी गेलो नाई. तो मेला तरी गेलो नाई."

त्यांनी गिळलं. मी त्यांचा घसा पाहिला. त्या दिवसापासून मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

"हा रोग झालेला मानूस पान्याले भेते का पानी देनाराले?"

डॉक्टरला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. ती म्हणाली, "पाण्याला, बाबा. समोर कोण आहे ते त्याला काही नसतं. तुमच्यावर ते ओरडले नाहीत."

बाबांनी मान हलवली. मग माझे बाबा, ज्यांना मी आईच्या तेराव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या स्टुलावर बसून रडले. टोपी काढून तोंडाला लावून रडले. साठ-पासष्ट वर्षं या माणसाला वाटत होतं की आपला बाप मरताना आपल्यावर चिडून गेला. देवाचं वारं होतं ही गोष्ट त्यानं एवढी घट्ट धरली होती कारण देव ओरडला तर निदान लेकराचा गुन्हा होत नाही. आणि मी ती गोष्ट भांडणात, एका वाक्यात, मोडून टाकली होती. ती मोडली म्हणूनच ते आज इथं आले होते, हेही खरं.

भावाच्या सुया संपल्या. माझ्या संपल्या. बाबांचीही शेवटची परवा झाली. भाऊ ठणठणीत आहे आणि त्याच्याकडे आता कुणी पाहत नाही. आमच्या घरात आता जनावराच्या तोंडात हात घालत नाहीत; कुणी बोलवायला आलं तर भाऊ डॉक्टरचा नंबर देतो आणि बाबा दुसरीकडे पाहतात. पण मी वाचलं आहे की हा रोग महिनोन्‌महिने अंगात दबा धरून बसतो. उशिरा सुरू झालेल्या सुयांचं काय, ते कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मी रोज सकाळी दुधाच्या निमित्तानं जाते. खरं तर दुधासाठी जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबांना पाणी देते आणि उभी राहते.

पहिले काही दिवस त्यांनी काही म्हटलं नाही. आज सकाळी मी तांब्या पुढे केला तेव्हा पाणी कडेवरून सांडलं. बाबांनी तांब्या घेतला नाही. माझं मनगट धरलं, त्या वणांच्या हातानं, आणि म्हणाले, "हे पाह्य माय. उद्या मी वरडलो तं ध्यानात ठेवजो. पान्याले वरडलो."

मग त्यांनी माझ्या हातूनच ते पाणी प्यायलं, सगळं, माझ्याकडे पाहत. मी तांब्या ठेवला, बरणी घेतली आणि घरी आले.